सात हजारांत दोघांचं अहमदाबाद

प्रश्न असा आहे: मुंबईहून दोघं, शुक्रवारी ऑफिस सुटल्यावर निघायचं, सोमवारी सकाळी परत कामावर. रजा टाकायची नाही. दोघांचे मिळून सात हजार रुपये. एवढ्यात अहमदाबाद होईल का?

होतं, आणि ओढाताण न करता होतं. पण त्यासाठी एक गोष्ट आधी ठरवावी लागते. अशा सहलीत पैसे तिकिटात फारसे जात नाहीत. ते जातात हॉटेलच्या दुसऱ्या रात्रीत, आणि हॉटेल चुकीच्या भागात घेतलं की दिवसाला चार-पाच रिक्षांत. म्हणून दोन रात्री गाडीत, एकच रात्र खोलीत, आणि ती खोली जुन्या शहरात, कालुपूर स्टेशन ते लाल दरवाजा या पट्ट्यात. हे पाळलं की बाकीचं आपोआप आटोक्यात राहतं.

आधी हिशोब. सगळे आकडे दोघांचे आणि अंदाजाचे आहेत, निघण्यापूर्वी ताजे दर पाहून घ्या. स्लीपरची जाण्या-येण्याची चार तिकिटं साधारण 1400. एका रात्रीची साधी एसी डबल खोली 1500. दोन दिवसांचं खाणं 1800. मेट्रो आणि रिक्षा 600. हेरिटेज वॉक आणि किरकोळ प्रवेश शुल्क 600. क्लोकरूम, पाणी, चहा वगैरे 300. झाले 6200. उरलेले 800 हातचे ठेवा, ते जुन्या शहरातल्या ढालगरवाडच्या कापडबाजारात जाणार हे नक्की.

गाडी

मुंबई-अहमदाबाद अंतर रेल्वेने सुमारे 490 किलोमीटर, म्हणजे झोपून जाण्यासाठी अगदी बेतशीर. गुजरात मेल रात्री निघून पहाटे सहाच्या आसपास पोचवते. ती आता मुंबई सेंट्रलहून नव्हे, दादरहून सुटते. बांद्रा टर्मिनसहून लोकशक्ती आहे, पण ती अंधार असतानाच पोचते आणि मग स्टेशनवर दोन तास काढावे लागतात. गुजरात मेल मिळत असेल तर दुसरीकडे पाहू नका. वंदे भारत, शताब्दी, तेजस या दिवसा धावणाऱ्या गाड्या छान आहेत, पण त्यांत दोन तोटे एकदम होतात. तिकीट स्लीपरच्या तिप्पट, आणि शनिवारचा अर्धा दिवस खिडकीत.

आरक्षण 60 दिवस आधी सकाळी आठला उघडतं. शुक्रवार रात्रीची गाडी आणि रविवार रात्रीची परतीची गाडी या दोन्ही लवकर भरतात, त्यातही परतीची जास्त लवकर. म्हणून विचार उलट क्रमाने करायचा: परतीचं आरक्षण ज्या दिवशी उघडतं तोवर जाण्याचं तिकीट काढून झालेलं असतं, पण परतीचं मिळालं नाही तर जाण्याचं रद्द करायची तयारी ठेवा. एक तिकीट पक्कं आणि एक वेटिंग अशा अवस्थेत हॉटेलचे पैसे भरू नका. ऑनलाइन काढलेलं तिकीट चार्ट लागेपर्यंत पूर्ण वेटिंगवर राहिलं तर आपोआप रद्द होऊन पैसे परत येतात. ते दाखवून डब्यात बसता येत नाही.

तत्काळवर भिस्त ठेवायची असेल तर स्लीपरचं तत्काळ आदल्या दिवशी सकाळी अकराला, एसीचं दहाला उघडतं. जुलै 2025 पासून ऑनलाइन तत्काळसाठी खातं आधारशी पडताळलेलं लागतं. ही पडताळणी त्या सकाळी अकराला पाच कमी असताना करायची गोष्ट नव्हे. आणि पक्क्या तत्काळ तिकिटाला रद्द केल्यावर परतावा नाही.

बोरिवलीला चढणाऱ्यांनी तिकीट गाडी जिथून सुटते तिथलंच काढावं आणि चढण्याचं स्थानक बोरिवली नोंदवावं. सुरुवातीच्या स्थानकाचा कोटा मोठा असतो, वेटिंग सरकतंही लवकर. भाड्यातला फरक नगण्य. वापी किंवा सुरतेहून चढणाऱ्या मित्राला सोबत घेणार असाल तर तारीख सांभाळा. गाडी तिथे मध्यरात्रीनंतर येत असेल तर त्याचं तिकीट शनिवारचं हवं. ही चूक दर आठवड्याला कुणीतरी करतंच.

परतताना थ्री-टायर एसी घेण्याचा मोह होतो, सोमवारी काम असतं म्हणून. माणशी साधारण पाचशे जास्त. हातचे 800 तिथे घालून वर थोडी भर टाकायची तयारी असेल तर तो खर्च जातानापेक्षा परतताना करा.

आता सगळ्यात जास्त फसवणारी गोष्ट. अहमदाबाद जंक्शन, म्हणजे कालुपूर, याचं मोठं बांधकाम चालू आहे आणि त्यापायी काही गाड्या साबरमती, वटवा, मणिनगर, असारवा अशा स्थानकांवर हलवल्या आहेत. त्यात साबरमती नावाची दोन वेगळी स्थानकं. येण्याचं आणि जाण्याचं स्थानक एकच असेल असं गृहीत धरू नका; तिकिटावरचं नाव वाचा आणि प्रवासाच्या आदल्या दिवशी गाडीची स्थिती पुन्हा पाहा. खोली कालुपूरला आणि गाडी वटव्याहून, हे रविवारी रात्री साडेआठला कळलं तर दोनशे-अडीचशेची रिक्षा होते आणि जीव टांगणीला लागतो तो वेगळाच.

खोली

नेटवर सगळ्यात स्वस्त दिसणाऱ्या खोल्या बऱ्याचदा एसजी हायवेच्या बाजूला असतात. फोटो चकचकीत, दर तीनशेने कमी. पण तुम्हाला जे पाहायचं आहे त्यातलं बहुतेक नदीच्या पूर्वेला, तटबंदीच्या शहरात आहे आणि हायवेपासून ते दहा-बारा किलोमीटर पडतं. शिवाय माणेक चौकातून रात्री अकराला निघाल तेव्हा मेट्रो बंद झालेली असते. तीनशे वाचवून पाचशे घालवायचे, असा तो व्यवहार.

रिलीफ रोड, गांधी रोड, लाल दरवाजा या भागात साधी हॉटेलं भरपूर. ॲपवर नावं हेरा, मग थेट फोन करून पाच गोष्टी विचारा. दर टॅक्ससकट किती (साडेसात हजारांपर्यंतच्या खोलीला 22 सप्टेंबर 2025 पासून 5 टक्के जीएसटी आहे, छोट्या हॉटेलांत तो नसेलही). चेक-आउट दुपारी बाराचा की चोवीस तासांचा. खोलीला बाहेर उघडणारी खिडकी आहे का, कारण या भागात इमारतीच्या पोटातल्या खोल्या पुष्कळ. गरम पाणी किती ते किती. आणि चेक-आउटनंतर बॅगा संध्याकाळपर्यंत ठेवतील का. पाचव्याला 'हो' आलं की क्लोकरूमचे पैसे आणि फेरे दोन्ही वाचतात. चोवीस तासांचं चेक-आउट मिळालं तर दुपारी एकला खोली ताब्यात घ्या, रविवारी एकपर्यंत तुमची. मूळ ओळखपत्रं दोघांचीही जवळ हवीत.

शनिवारी सकाळी सहाला खोली मिळणार नाही. अर्ली चेक-इनचे जादा पैसे देऊ नका. बॅग हॉटेलात टाका, त्यांच्या खालच्या बाथरूममध्ये तोंड धुवा आणि बाहेर पडा. हॉटेल तयार नसेल तर स्टेशनचं क्लोकरूम आहे. तिथे बॅगेला कुलूप लागतं आणि तिकीट दाखवावं लागतं. बिनकुलपाची सॅक घेत नाहीत, म्हणून चाळीस रुपयांचं कुलूप घरूनच न्या.

शनिवार: नदीच्या पूर्वेला, पायी

सकाळी पावणेआठपर्यंत कालुपूरच्या स्वामिनारायण मंदिरात पोचा. स्टेशनपासून चालत पंधरा मिनिटं. महानगरपालिकेचा हेरिटेज वॉक 1997 पासून इथून निघतो आणि जामा मशिदीपाशी संपतो, साधारण अडीच तास. नोंदणी आणि सध्याचं शुल्क आधी पाहून घ्या. हा खर्च वाचवून नकाशा हातात घेऊन फिरता येईल का? येईल, पण इथे मी पैसे वाचवू नका म्हणेन. पोळ म्हणजे एकाच दरवाज्याची, आत गल्लीला गल्ली फुटत जाणारी वस्ती. बाहेरून ती गल्ली बंद वाटते, आणि आत हवेलीच्या अंगणाखाली पावसाचं पाणी साठवायचं टाकं असतं, कोपऱ्यावर पक्ष्यांना दाणे टाकायचा कोरीव चबुतरा असतो, एका पोळीतून दुसरीत निघणारी चोरवाट असते. नकाशात यातलं काही नाही. 1411 साली अहमदशहाने वसवलेलं हे शहर 2017 मध्ये युनेस्कोच्या यादीत गेलं, भारतातलं पहिलं जागतिक वारसा शहर म्हणून. ते एखाद्या एकट्या इमारतीपेक्षा या वस्तीच्या विणीमुळे.

पायात चटकन निघणारी पादत्राणं घाला. मंदिरं, देरासरं (जैन मंदिरं), मशिदी मिळून सात-आठदा काढावी लागतात. बादशहाच्या हजिऱ्यात, म्हणजे अहमदशहाच्या कबरीपाशी, डोकं झाकावं लागतं आणि बायकांना आतल्या दालनात प्रवेश नसतो. हे माहीत असलं की दारावर हिरमोड होत नाही. 1424 ची जामा मशीद दुपारच्या नमाजाआधी पाहून घ्या. आतले 260 खांब मोजू नका, पण मधे उभं राहून एकदा वर पाहा.

तिथून पश्चिमेला तीन दरवाजा. गर्दीत पर्यटक कमानीखालून पुढे निघून जातात. मराठी माणसाने मात्र थांबून खांबावरचा देवनागरी लेख शोधावा. 1758 ते 1817 या काळात शहरावर पेशवे आणि गायकवाड यांचा अंमल होता, आणि 1812 साली मराठ्यांचा सुभेदार चिमणाजी रघुनाथ याने मुलीला बापाच्या मालमत्तेत वाटा बिनहरकत मिळावा असा हुकूम इथे कोरून ठेवला. मोडणाऱ्या हिंदूने महादेवाला आणि मुसलमानाने अल्लाला जाब द्यावा, अशी त्यात तंबीही आहे. फेरीवाल्यांच्या छत्र्यांमागे तो कधी कधी झाकलेला असतो. नम्रपणे विचारलं तर सरकवतात.

दुपारी एक ते चार खोलीवर काढा. हा आळस नाही. एप्रिल ते जूनमध्ये पारा बेचाळीसच्या वर सहज जातो, आणि उन्हात दोन तास तंगडतोड केली की माणूस पाण्या-सरबतावर आणि एसी टॅक्सीवर जेवढे उधळतो तेवढ्यात एक जेवण होतं. खरं तर या सहलीचे महिने नोव्हेंबर ते फेब्रुवारीच.

चारनंतर सिद्दी सय्यदची मशीद, 1573 च्या सुमाराची. वेळ मुद्दाम दुपारनंतरची सांगतोय. प्रसिद्ध जाळ्या पश्चिमेच्या भिंतीत आहेत, त्यामुळे कलत्या उन्हात आतून पाहिल्यावर झाडाच्या फांद्या उजेडात उमटतात. सकाळी तीच जाळी नुसता दगड दिसते. प्रवेश मोफत. समोरच्या बाजूला लकी टी स्टॉल आहे, टेबलांच्या मधे कबरी असलेला. चहा-मस्का बन घ्या. मुंबईच्या कटिंगला इथे 'अडधी' म्हणतात. मग नदीकाठ. अटल या पादचारी पुलाला तिकीट आहे. खालचा रिव्हरफ्रंट फुकट आहे आणि पूल तिथूनच जास्त चांगला दिसतो.

खाणं

माणेक चौक दिवसा सराफ बाजार असतो. दुकानं बंद झाल्यावर तिथेच टेबलं मांडली जातात. साडेआठला गेलात तर मांडामांड चालू असते, साडेनऊनंतर रंग चढतो. इथली गोम अशी की हे आता स्वस्त ठिकाण राहिलेलं नाही. एकेका पदार्थाला दीडशे-दोनशे सहज पडतात आणि त्यावर लोण्याचा इतका मोठा गोळा येतो की दोघांत एक प्लेट पुरते. एक घूघरा सँडविच, एक पावभाजी किंवा ग्वालियर डोसा, शेवटी अशर्फीची कुल्फी, सगळं दोघांत. टेबलावर बसवून चार माणसं चार मेनू पुढे करतात, कारण एकेक पदार्थ वेगळ्या गाड्यावरून येतो. ऑर्डर देण्यापूर्वी दर छापलेला पाहा आणि 'स्पेशल' हा शब्द आपण होऊन उच्चारू नका.

रविवारची सकाळ फाफडा-जिलेबीची. गावातली निम्मी घरं त्या रांगेत असतात. वजनावर मिळतं: दोघांना दीडशे ग्रॅम फाफडा आणि शंभर ग्रॅम जिलेबी पुरे, सोबत पपईचा संभारो, तळलेली मिरची आणि कढी येते. जिथे कढईतून थेट परातीत पडतंय तिथे घ्या. थंड फाफडा घशाखाली उतरत नाही.

थाळी खायची तर रविवारी दुपारी, संध्याकाळी नव्हे. रविवारी रात्री अमदावादी घरात चूल पेटत नाही म्हणतात ते फारसं खोटं नाही. चांगल्या थाळीघरासमोर तासभर उभं राहावं लागतं, आणि तुमची गाडी थांबणार नाही. माणशी तीनशे-चारशे धरा. डाळ गोड लागणार, तक्रार करू नका. मांसाहार हवा असेल तर तीन दरवाज्याजवळची भटियार गली. शनिवारचं दुपारचं जेवण गांधी रोडवर साधं उरका.

दारूबंदीबद्दल एक वाक्य: मुंबईहून बॅगेत बाटली नेणं हा गुजरातेत गुन्हा आहे आणि तपासणी होते.

रविवार: उत्तर आणि पश्चिम

अहमदाबादच्या प्रत्येक यादीत अडालजची विहीर असते. सुंदरच आहे. पण ती अठरा किलोमीटरवर, आणि रिक्षाने जाऊन-थांबून-येऊन सहा-सातशे लागतात. त्याऐवजी असारव्याची दादा हरीर वाव पाहा; वाव म्हणजे पायऱ्यांची विहीर. दोन्ही एकाच काळातल्या, पंधराव्या शतकाच्या अखेरच्या, महमूद बेगड्याच्या राजवटीतल्या. असारव्याची वाव बाई हरीर हिने बांधवली. संस्कृत आणि अरबी असे दोन्ही शिलालेख आहेत, पाच मजले खाली उतरते, प्रवेश मोफत, आणि बहुतेक वेळा तुमच्याशिवाय तिथे कुणी नसतं. कालुपूरहून अडीच-तीन किलोमीटर. दहाच्या पुढे ऊन आत उतरू लागतं, त्या वेळी जा. पायऱ्यांवर शेवाळ आणि कबुतरांची घाण असते, जपून. नाव सांगताना 'असारवा, दादा हरि नी वाव' असं पूर्ण सांगा. नुसतं 'वाव' म्हटलं की रिक्षावाला अडालजला निघतो.

तिथून रिक्षाने दिल्ली दरवाज्याबाहेरचं हठीसिंग देरासर, 1848 चं पांढऱ्या संगमरवरातलं. भोवती बावन्न देवकुलिका, म्हणजे छोटी देवळं, आहेत. अर्धा तास. मग साबरमती आश्रम: प्रवेश मोफत. गांधीजी इथे 1917 ते 1930 राहिले. हृदयकुंज सगळे पाहतात. संग्रहालयाची इमारत 1963 ची, चार्ल्स कोरिया यांची, तीही नीट पाहा. परिसराचं पुनर्बांधणीचं काम चालू आहे, एखादा भाग बंद मिळू शकतो.

आश्रमापासून रिक्षाने वाडज मेट्रो, तिथून थेट गांधीग्राम. किमान भाडं पाच रुपये, त्यामुळे दिवसभराचा मेट्रोखर्च चहाएवढा होतो. उत्तर-दक्षिण आणि पूर्व-पश्चिम या दोन मार्गिका ओल्ड हायकोर्टला भेटतात. कालुपूर स्टेशन पूर्व-पश्चिम मार्गिकेवर आहे. एवढं लक्षात ठेवलं की पुरे. गांधीग्रामहून चालत विवेकानंद पूल ओलांडला, मधे 1892 चा एलिस पूल पाहिला, की पूर्वेच्या काठावर रविवारचा गुजरी बाजार. जुनी पुस्तकं, पितळेची भांडी, मोडकी घड्याळं, सायकलीचे सुटे भाग. पहिल्या भावाच्या अर्ध्यापासून सुरुवात करा. मोबाइल पुढच्या खिशात.

रिक्षा मीटरवरच घ्या. 'मीटर नथी' म्हणाला तर दुसरी पाहा किंवा ॲपवरून बोलवा. 'शटल' म्हणजे शेअर रिक्षा खूप स्वस्त पडते, पण त्यात दोन्ही बाजूंनी चेपून खिसा कापायचे प्रकार या शहरात वारंवार होतात. स्टेशनच्या आसपास बॅग घेऊन शटलमध्ये बसू नका.

तारीख ठरवताना

14-15 जानेवारीच्या उत्तरायणाला शहर अफाट असतं, पण खोलीचे दर दुप्पट-तिप्पट होतात आणि मांजाने गळा कापण्याची भीती खरी असते. नवरात्रातही तेच दरांचं. आणि हल्ली तिसरी भर: मोटेराच्या स्टेडियमवर मोठा सामना किंवा गाण्याचा कार्यक्रम असला की एक लाख बत्तीस हजार आसनांचं गर्दीचं गणित सगळ्या हॉटेलांवर येऊन आदळतं. तिकीट काढण्याआधी सामन्यांचं वेळापत्रक पाहा. मेट्रोही त्या रात्री भरून वाहते.

रविवारी संध्याकाळी सातच्या सुमारास हॉटेलातून बॅगा उचला. रात्रीसाठी फरसाणच्या दुकानातून खमण आणि थेपले बांधून घ्या, दोघांचे दीडशेच्या आत भागतं. खमणाची चटणी वेगळ्या पिशवीत मागा, नाहीतर वरच्या बर्थवर सांडते. बांधकामामुळे कालुपूरला फलाटाकडे जायच्या वाटा बदलत असतात, तेव्हा गाडीच्या पाऊण तास आधी स्टेशनात हजर राहा आणि फलाट फलकावर पाहूनच जिना चढा.